मंगळवार-शुक्रवार, सात नंबरचं मशीन : सरकारी डायलिसिस केंद्राचा अडीच वर्षांचा अनुभव

पाचापैकी चार तारे देते आहे. एक का कापला ते पुढे येईलच. पण हे चार तारे दया म्हणून किंवा 'फुकट आहे ना, मग चांगलंच म्हणायचं' म्हणून दिलेले नाहीत. मोजून दिलेत.

केंद्र नाशिक शहरातल्या एका सरकारी रुग्णालयात आहे. त्याचं नाव लिहीत नाही. नाव लिहिलं की तक्रारीचा भार त्या दिवशी ड्युटीवर असलेल्या सिस्टरवर पडतो, आणि माझी तक्रार तिच्याविरुद्ध नाही. ज्यांना खरंच गरज आहे त्यांना सरकारी योजनेच्या मदतीसाठी रुग्णालयात बसणारा कुठलाही आरोग्यमित्र पत्ता सांगेल.

मी पंचवटीत राहते आणि मार्केट यार्डातल्या दोन आडत्यांचे हिशेब लिहिते. बावीस वर्षं झाली. रोजमेळ, खतावणी, वर्षअखेरीला ताळेबंद. त्यामुळे सवयच लागली आहे, घरातला प्रत्येक रुपया वहीत येतो. आप्पांच्या आजाराची वही वेगळी आहे. निळ्या पुठ्ठ्याची, आता दुसरी चालू आहे. खाली जे आकडे येतील ते त्यातलेच.

आप्पा माझे वडील. वय ७१. दिंडोरी, वणी, गिरणारे असे आठवडे बाजार करत त्यांनी उभं आयुष्य कापड विकलं. २०११ मध्ये गावात डोळ्यांच्या तपासणीचं शिबिर लागलं होतं, तिथे कुणीतरी सहज पट्टा लावून पाहिलं आणि प्रेशर वाढलंय म्हणून सांगितलं. आप्पांनी तीन महिने गोळ्या घेतल्या. नंतर 'आता बरं वाटतंय' म्हणून सोडल्या. मुळात त्यांना वाईट कधी वाटतच नव्हतं. प्रेशर दुखत नाही, हीच त्याची खोड. अकरा वर्षं आम्ही कुणी पुन्हा विचारलं नाही, आणि ते विचारायला कुणी दारीही आलं नाही. हे वाक्य मी मुद्दाम इथेच लिहून ठेवते आहे.

२०२२ च्या श्रावणात पाय सुजले. रामकुंडाच्या पायऱ्या चढताना दम लागायला लागला. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी किती काम करते ते दाखवणारी रक्ताची तपासणी, ९.८ आलं. दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आता डायलिसिस, म्हणजे मशीनने रक्त गाळून घ्यायचं.

पहिले सात महिने खाजगीत काढले. वही उघडून सांगते. ६१ वेळा डायलिसिस, दर खेपेला १,८०० रुपये, म्हणजे १,०९,८००. हातात फिस्टुला, म्हणजे सुया टोचायला धमनी आणि शीर जोडून केलेली जागा, करायचं ऑपरेशन २८,०००. रक्तवाढीची इंजेक्शनं आणि औषधं ३१,४५०. तपासण्या ९,२००. रिक्षा १८,३००. एकूण १,९६,७५० रुपये. साठ हजार माझ्या मोठ्या भावाने, दादाने, चाकणहून पाठवले. आईची पोत मोडली. आईने ती स्वतःच गळ्यातून काढून टेबलावर ठेवली आणि पुन्हा स्वयंपाकघरात गेली, पोळ्या राहिल्या होत्या. त्या खाजगी जागेत सेवा वाईट नव्हती, उलट खुर्च्या मऊ होत्या. पण आठव्या महिन्याचं काय, हे मला वहीत कुठेच लिहिता येत नव्हतं.

केशरी रेशनकार्डावर राज्याच्या जनआरोग्य योजनेतून मोफत डायलिसिस होतं हे आम्हाला सात महिने माहीत नव्हतं. त्या दवाखान्यातही कुणी सांगितलं नाही. सांगितलं ते शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्या बाईने. महाराष्ट्रात ही योजना २०१२ पासून आहे, तेव्हा राजीव गांधी जीवनदायी नाव होतं, २०१७ मध्ये महात्मा जोतिबा फुले जनआरोग्य झालं. म्हणजे दहा वर्षं योजना होती आणि हिशेब लिहिणाऱ्या बाईला तिचा पत्ता नव्हता. यात माझी चूक आहेच. पण खर्च मंजूर होणं आणि तो माणसाच्या दारापर्यंत येणं यात किती अंतर असतं, ते मला तेव्हा कळलं.

नाव नोंदवल्यावर पाच आठवडे थांबावं लागलं. २८ मार्च २०२३, मंगळवार, आप्पांचा नंबर लागला. जागा कशी झाली ते मी विचारलं नाही. पुढे आपोआप कळलं. सात नंबरवर आधी ज्या काकू यायच्या, त्या गेल्या होत्या.

ही गोष्ट मला बरेच दिवस टोचत राहिली. चार-चार तास बाहेर बाकावर बसायचं असतं, मोबाइलवर वाचायला वेळ असतो, म्हणून मी या मशीनचा इतिहास वाचत गेले. १९६० मध्ये अमेरिकेतल्या सिएटलच्या बेल्डिंग स्क्रिब्नर या डॉक्टरांनी हाताला कायमची नळी बसवायची युक्ती काढली. त्याआधी दरवेळी नवी रक्तवाहिनी कापावी लागे, म्हणून जन्मभर डायलिसिस ही गोष्टच नव्हती. आता ती झाली, पण मशीन मोजकी आणि रोगी पुष्कळ. मग तिथे सात जणांची समिती नेमली. वकील, धर्मगुरू, बँकेतला माणूस, गृहिणी, कामगार पुढारी असे बहुतेक डॉक्टर नसलेले लोक ठरवायचे की मशीन कोणाला द्यायचं. कमावता आहे का, मुलं किती आहेत, समाजात उठबस कशी आहे. आठवडे बाजारात कापड विकणारा माणूस त्या समितीपुढे उभा राहिला असता तर? १९७२ मध्ये अमेरिकेने कायदा करून किडनी निकामी झालेल्या जवळजवळ सगळ्यांचा खर्च सरकारी योजनेत घेतला आणि ती निवड संपली. आमच्याकडे समिती नाही, रजिस्टर आहे. ज्याचं नाव आधी त्याला जागा आधी. मी ते रजिस्टर स्वतः पाहिलं आहे. अडीच वर्षांत वशिल्याने कुणी मधे घुसलेलं मला दिसलं नाही. एक पूर्ण तारा त्या रजिस्टरला.

आता प्रत्यक्ष सेवेचं. सकाळची पाळी सातला. साडेसहाला वजन. आप्पांचं ठरलेलं वजन ५४ किलो, त्याच्या वर जेवढं भरेल तेवढं पाणी काढायचं. दोन किलोच्या आत असलं तर सिस्टर काही बोलत नाहीत. तीनच्या वर गेलं की त्या माझ्याकडे पाहतात आणि मी आप्पांकडे. दिवसाला एक लिटरच्या आत पाणी, त्यात चहा, डाळ, सगळं आलं. नाशिकच्या माणसाला द्राक्षं बंद, डाळिंब बंद, नारळपाणी बंद, कारण त्यांतलं पोटॅशियम किडनीशिवाय अंगातून बाहेर जात नाही. मिसळीचा रस्साही बंद. रविवारी सकाळी आमच्या गल्लीत सगळे मिसळ खायला निघतात तेव्हा आप्पा आत जाऊन पेपर वाचतात.

हॉलमध्ये अकरा मशीन. त्यातलं एक कावीळवाल्यांसाठी वेगळं ठेवलेलं, आणि ते खरंच वेगळं ठेवतात. मी नजर ठेवून होते, कधी गल्लत झाली नाही. आत थंडी फार. सुई टोचणारे टेक्निशियन दोघे. त्यातल्या वयस्काचा हात इतका हलका की आप्पा त्यांची पाळी असली की खुशीत असतात. फिस्टुलावर २५१ वेळा प्रत्येकी दोन सुया टोचल्या गेल्या आहेत आणि हात अजून चालू आहे. ज्यांनी हे पाहिलंय त्यांना कळेल की हे किती मोठं काम आहे. खाजगीत सात महिन्यांत दोनदा हात काळानिळा झाला होता.

मावशींबद्दल दोन ओळी लिहायलाच हव्यात. एकदा मशीनवर असताना आप्पांचं प्रेशर एकदम पडलं, डोळे फिरले. सिस्टर दुसऱ्या टोकाला होत्या. झाडू टाकून मावशीच आधी धावल्या, पायाकडची बाजू उंच केली, हाक मारली. त्या कंत्राटी आहेत, आणि त्यांचा पगार वेळेवर होत नाही हे त्यांच्याच तोंडून ऐकलंय.

आमच्या पाळीला एक निफाडचे भाऊ येतात, वय चौतीस, स्वतःची बाग आहे. ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत ते मशीनवर पडल्या-पडल्या फोनवरून मजुरांना सूचना देत असतात. आणि एक सुरगाण्याच्या ताई. एसटीने आदल्या दिवशी निघतात, रात्र रुग्णालयाच्या व्हरांड्यात काढतात, डायलिसिस झालं की दुपारच्या गाडीने परत. दोन पाळ्यांत त्यांचे आठवड्याचे चार दिवस जातात. उपचाराला पैसे लागत नाहीत, पण प्रवासाला लागतात, आणि मजुरी बुडते ती वेगळीच. त्यांनी वही ठेवली असती तर 'मोफत' या शब्दापुढे बराच मोठा आकडा आला असता. शहरात अकराची बारा मशीन करण्याआधी त्यांच्या बाजूला चार लागावीत असं मला मनापासून वाटतं.

आता उणे बाजू. रक्तवाढीचं इंजेक्शन चौदा वेळा संपलेलं होतं, बाहेरून आणावं लागलं, ११,२०० रुपये. चार तपासण्या बाहेर, ३,६००. नातेवाइकांसाठीचं संडास वापरण्याजोगं नाही, बायांनी सकाळी पाणी न पिता यायचं असा अलिखित नियमच झाला आहे. आणि डायलिसिस खरं तर आठवड्यातून तीनदा व्हायला हवं. इथे दोनदाच मिळतं, कारण रांग मोठी आहे. तिसरी पाळी फार पाणी साठलेल्यांनाच.

पण एक तारा मी कापला तो यातल्या कशासाठीही नाही. तो मोटरीसाठी आहे.

एका माणसाच्या एका डायलिसिसला सुमारे १२० लिटर शुद्ध पाण्याचं द्रावण लागतं. साधं नळाचं पाणी चालत नाही, त्यासाठी मागच्या बाजूला आरओचा प्लांट आहे. मे २०२४ मधल्या तिसऱ्या गुरुवारी रात्री त्या प्लांटची मोटर जळाली. शुक्रवारी सकाळी आम्ही पोचलो तर दाराला कागद. मशीन अकराच्या अकरा धडधाकट, सिस्टर हजर, टेक्निशियन हजर, डॉक्टर हजर, औषधं हजर. पाणी नाही. एका पेशंटचा मुलगा सातपूरला मोटर रिवाइंडिंगचं काम करतो. त्याने जाऊन पाहिलं, म्हणाला, दोन दिवसांचं काम, पाच-सहा हजार रुपये. पण हात लावायचा अधिकार त्याला नाही आणि रुग्णालयालाही नाही. दुरुस्तीचं कंत्राट तिसऱ्याकडे, त्यांचा माणूस दुसऱ्या जिल्ह्यात, मंजुरीच्या कागदावर सही करणारे साहेब निवडणुकीच्या कामात. सोमवारी, २० तारखेला, नाशिकमध्ये लोकसभेचं मतदान होतं.

शनिवारी आप्पा निवांत होते. मेमधला उकाडा, घसा कोरडा पडतोय, तरी त्यांनी बर्फाचा खडा चोखण्यापलीकडे काही घेतलं नाही. रविवारी दुपारपासून आडवं पडता येईना. आडवे झाले की श्वास लागायचा, म्हणून भिंतीला टेकून बसले. वजन ५७.८. दुसऱ्या सरकारी ठिकाणी विचारलं, त्यांचीच यादी भरलेली. रात्री अकराला द्वारकेच्या चौकातून रिक्षा काढत खाजगीत नेलं. तातडीचा दर, ६,५०० रुपये. आप्पा मला म्हणाले, "बाई, राहू दे. आज नको. उद्या बघू." मी म्हटलं, "आप्पा, तुम्ही बोलू नका." पहाटे घरी आलो. सोमवारी दहा वाजता हाताला पट्टी तशीच ठेवून त्यांनी मतदान केलं.

मोटर मंगळवारी संध्याकाळी सुरू झाली. त्या पाच दिवसांत आमच्या केंद्रातल्या दोघांना दवाखान्यात दाखल करावं लागलं. पाच-सहा हजारांच्या दुरुस्तीपायी लाखोंची मशीन उभी होती. नाशिककरांना २१ एप्रिल २०२१ आठवत असेल. महापालिकेच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, दाब पडला आणि वीसहून जास्त माणसं गेली. टाकी होती, ऑक्सिजन होता, खर्च झालेला होता. तेव्हापासून नव्या मशीनच्या उद्घाटनाचा फोटो पाहिला की मी मनात विचारते, हिची देखभाल कोण करणार आणि त्याच्या खिशात पाच हजार खर्चायचा अधिकार आहे का?

ही गोष्ट मी दादाला सांगितली आणि त्याच्या हातात आयतंच कोलीत मिळालं. दादा वाईट माणूस नाही, आजही दरमहा पैसे पाठवतो. पण त्याचं ठाम मत आहे की सरकारने आरोग्यावर जो पैसा ओतला आहे त्याच्या मानाने फळ नाही. "तो पैसा आमच्या पगारातून कापू नका, आम्ही आमचा विमा घेऊ," असं तो दर दिवाळीला म्हणतो. गेल्या दिवाळीत त्याने अमेरिकेचं उदाहरण दिलं. तिथे राष्ट्रीय उत्पन्नाच्या १७ टक्क्यांवर खर्च आरोग्यावर होतो, तरी २०२२ मध्ये तिथलं सरासरी आयुर्मान साडेसत्त्याहत्तर वर्षं होतं. जपान ११ टक्क्यांच्या आसपास खर्च करतो आणि तिथली माणसं चौऱ्याऐंशी वर्षं जगतात. मग खर्च वाढवून काय मिळतं?

हा मुद्दा खरा आहे, मी तो मान्य केला. खर्च म्हणजे आरोग्य नव्हे. पण आपण अमेरिकेच्या दुखण्यापासून फार लांब आहोत. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांतला २०२१-२२ चा आकडा असा की देशाने शंभर रुपये कमावले तर सरकारने, केंद्र आणि राज्य मिळून, आरोग्यावर १ रुपया ८४ पैसे खर्च केले. २०१३-१४ मध्ये ते १ रुपया १५ पैसे होते. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात २०२५ पर्यंत अडीच रुपयांवर जायचं ठरलं होतं. २०२१-२२ चा खर्च माणशी धरला तर वर्षाला ३,१६९ रुपये, म्हणजे दिवसाला पावणेनऊ रुपयेही नाहीत. २०१३-१४ ते २०२१-२२ या काळात एकूण आरोग्यखर्चातला लोकांच्या खिशातून जाणारा वाटा ६४ टक्क्यांवरून ३९ टक्क्यांवर आला. दादा म्हणाला, ते कोविडचं वर्ष होतं, लसींचा खर्च त्यात आहे. बरोबर. शिवाय खिशाचा अंदाज जुन्या पाहणीवरून पुढे ओढलेला आहे, तो मी काही ब्रह्मवाक्य मानत नाही. पण माझ्या वहीतही तीच रेघ खाली आलेली आहे. आणि फळ म्हणशील तर २०१३ मध्ये जन्मलेल्या हजार बाळांतली चाळीस बाळं वर्षाच्या आत जायची, २०२३ मध्ये पंचवीस. ही पंधरा बाळं कुणाच्या घरी आहेत हे कुणालाच कळत नाही, म्हणून त्यांच्यासाठी कुणी पेढे वाटत नाही.

विम्याचं तर मी स्वतः करून पाहिलं होतं. आप्पांसाठी चौकशी करायला गेले, किडनी म्हटल्यावर समोरच्याने फॉर्म परत माझ्याकडे सरकवला.

तरीही दादाच्या एका प्रश्नाने माझी झोप उडवली. तो म्हणाला, "आप्पा बरे होणार आहेत का?" नाही. "मग वर्षाला एका माणसावर किती जातात ते तूच मांड." मी मांडलं. खाजगीच्या दराने वर्षाच्या १०४ खेपांचे १,८७,२०० रुपये. सरकारला इतके पडत नसतील, पण तुलनेला तोच आकडा घेऊ. माणशी ३,१६९ ने भागलं की ५९ येतात. म्हणजे आमच्या आप्पांना एक वर्ष मशीनवर ठेवायला एकोणसाठ माणसांचा अख्ख्या वर्षाचा सरकारी वाटा लागतो. त्या रात्री मी आमच्या गल्लीतली माणसं मोजली. पहिल्या घरापासून पिठाच्या गिरणीपर्यंत बरोबर साठ झाली, आमच्यासकट.

मग आणखी एक भागाकार केला, तो मला अजून सोसत नाही. प्रेशरची साधी अॅम्लोडिपिनची गोळी जनऔषधी दुकानात रुपयाच्या आत मिळते. रुपया धरला तरी वर्षाचे ३६५. आप्पांच्या एका वर्षाच्या पैशात पाचशे बारा माणसांची वर्षभराची गोळी येते. एका गोळीने सगळ्यांचं भागत नाही, हे ठाऊक आहे. पण आप्पांना २०११ पासून ती मिळत राहिली असती, आणि ती चुकली की कुणी दारावर येऊन विचारलं असतं, तर आप्पा आज कदाचित वणीच्या बाजारात असते. अकरा वर्षांच्या गोळ्यांची किंमत चार हजार रुपये. त्याच पैशात खाजगीत दोन खेपा होतात, तिसरीला कमी पडतात.

या हिशेबाने दादा जिंकला असं वाटेल. मलाही काही दिवस तसंच वाटत होतं. मग थायलंडचं वाचलं. त्यांनी २००२ मध्ये सगळ्यांसाठी सरकारी आरोग्यसेवा सुरू केली तेव्हा डायलिसिस बाहेर ठेवलं होतं, पैशाच्या मानाने पदरात फार पडत नाही म्हणून. त्यांच्या तज्ज्ञांनी नीट मांडून दाखवलं होतं की हे हिशेबात बसत नाही. तरी २००८ मध्ये त्यांनी ते आत घेतलं. कारण एका किडनीपायी अख्खी घरं कर्जात बुडत होती. आधी पोटातून घरीच करायचं स्वस्त डायलिसिस दिलं, २०२२ मध्ये रोग्याला ते की मशीनवरचं हे निवडायची मुभा दिली. त्यांना आकडा माहीत होता आणि तरी त्यांनी दिलं, हे वाचून मला बळ आलं. आमच्या घरात पोत मोडून झाली होती, पुढचा नंबर पंचवटीतल्या दीड खोलीचा होता. दीड खोली वाचली, हे फळ कुठल्या रकान्यात लिहायचं? माझ्या मुलीचं दुसऱ्या वर्षाचं कॉलेज सुटलं नाही, ते कुठल्या?

म्हणून दादाला माझं उत्तर असं. एकोणसाठ माणसांचा वाटा आप्पांकडे आला त्याबद्दल मी त्या एकोणसाठांची ऋणी आहे आणि तो एक रुपयाने कमी व्हावा असं मला वाटत नाही. आणि ते पाचशे बाराही मला हवेत. यातलं एकच निवड म्हणून मला कुणी सांगू नये. शंभरातला एक रुपया चौऱ्याऐंशी पैसेच खर्च करायचे असा कुठे देवाचा लेख नाही. अडीच रुपये हे देशाने स्वतःच लिहून दिलेलं आहे. पण वाढलेले पैसे जर पुन्हा सगळे मशीनमध्ये गेले आणि मोटर, गोळी आणि दारावर येणारी आशाताई यांच्या वाट्याला काही आलं नाही, तर दादाचंच खरं ठरेल. ते मला नको आहे.

भारतात प्रौढांमध्ये साधारण तिघांतल्या एकाला प्रेशर आहे, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२३ च्या अभ्यासात ३५.५ टक्के आलंय. मी मागच्या जूनमध्ये आमच्या वॉर्डातल्या आरोग्य केंद्रात स्वतःचं तपासलं. १५२ वर ९८. गोळी सुरू झाली, कार्ड मिळालं, दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जायचं. चार महिने व्यवस्थित मिळाली. पाचव्या महिन्यात 'साठा नाही, पुढच्या आठवड्यात या'. मी बाहेरून विकत घेतली, मला रुपया-दोन रुपये जड नाहीत. पण माझ्या पुढे ज्या आजी उभ्या होत्या त्या 'बरं' म्हणाल्या आणि घरी गेल्या. तसेच आप्पाही गोळीविना राहिले होते. तिथल्या नर्सताईंना मी म्हटलं, "ताई, त्यांचा नंबर लिहून घ्या ना, साठा आला की फोन करा." त्यांनी लिहून घेतला. आता मी दर पहिल्या सोमवारी त्या आजींना घेऊनच जाते, त्या गिरणीच्या अलीकडच्या घरात राहतात.

सप्टेंबर २०२५ अखेरचा जमाखर्च : २६३ पाळ्यांपैकी २५१ केंद्रात झाल्या. खाजगीच्या १,८०० च्या दराने त्याचे ४,५१,८०० झाले असते. माझ्या खिशातून गेले प्रवासाचे ४०,१६०, इंजेक्शनचे ११,२००, तपासण्यांचे ३,६००, मे महिन्यातल्या त्या रात्रीचे ६,५००. एकूण ६१,४६०.

नव्याने जाणाऱ्यांसाठी : रेशनकार्ड, आधार, आधीचे सगळे रिपोर्ट यांच्या तीन-तीन झेरॉक्स न्या. आधी आरोग्यमित्राला गाठा, मग ओपीडीच्या रांगेत लागा. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य खात्याच्या रुग्णालयांत केसपेपरचेही पैसे लागत नाहीत, कुणी मागितले तर पावती मागा. वयाची सत्तरी ओलांडलेली असेल तर उत्पन्न न विचारता आयुष्मानचं वेगळं कार्ड मिळतं, तेही करून ठेवा. फिस्टुलाचं ऑपरेशन लवकर करून घ्या, हात तयार व्हायला दीड-दोन महिने लागतात आणि मानेतल्या नळीला जंतू फार लवकर धरतात. फिस्टुलाच्या हातावर प्रेशरचा पट्टा लावू देऊ नका, रक्त काढू देऊ नका. आत जाड पांघरूण न्या. सकाळच्या पाळीला निमाणीहून पहिली बस धरली तरी वजनाची वेळ हुकते, रिक्षा आदल्या रात्री सांगून ठेवा. आणि मावशींना नाव विचारून हाक मारा.